सर्वात लहान ग्रुप देणारं काडतूस शिकारीला न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रायफल .३०-०६ (हे काडतुसाच्या मापाचं नाव), शिकार एल्क आणि मूस या मोठ्या हरणांची, अंतर जास्तीत जास्त ३०० मीटर. घरी भरलेली तीन प्रकारची काडतुसं तयार आहेत. पहिलं १६८ ग्रेन (साधारण ११ ग्रॅम) मॅच गोळीचं, म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीच्या गोळीचं; १०० मीटरवर ग्रुप, म्हणजे भोकांचा फैलाव, १५ मिलिमीटर. दुसरं १८० ग्रेन पार्टिशनचं, म्हणजे दोन कप्प्यांच्या शिकारी गोळीचं, ग्रुप ३२ मिलिमीटर. तिसरं १६८ ग्रेन अखंड तांब्याच्या गोळीचं, ग्रुप २५ मिलिमीटर, पण मॅन्युअलमध्ये (काडतुसं भरण्याच्या मापांच्या पुस्तकात) दिलेल्या कमाल दारूवर. यातलं कुठलं न्यावं?

पार्टिशनचं न्या. तांब्याचंही चालेल, पण दारू थोडी उतरवून आणि पुन्हा तपासून. मॅच गोळीचं सरावासाठी ठेवा.

लोड, म्हणजे गोळी आणि दारूची जुळणी, निवडताना बहुतेक जण टार्गेटच्या कागदापासून सुरुवात करतात. सुरुवात जनावरापासून करावी आणि तिथून मागे रायफलपर्यंत यावं. गोळी जनावराला लागेल तेव्हा तिचा वेग किती असेल, त्या वेगाला ती कशी उघडेल, वाटेत हाड आलं तर ती टिकेल का, हे प्रश्न आधी. ते सुटले की ती गोळी तुमच्या नळीतून पुरेशी नेमकी जाते का, ते पाहायचं. इथे ‘पुरेशी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे.

ग्रुपचा हिशेब मांडून बघा. ३२ मिलिमीटरचा ग्रुप ३०० मीटरवर साधारण ९६ मिलिमीटर होतो आणि १५ चा ४५. आता माणसाची चूक त्यात धरा. बसून किंवा सॅकवर रायफल टेकवून, धाप लागलेली असताना, चांगल्या नेमबाजाचाही फैलाव ३०० मीटरवर २०० मिलिमीटर सहज होतो. दोन स्वतंत्र फैलाव सरळ मिळवत नाहीत, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. पार्टिशनचा एकूण फैलाव येतो २२२ मिलिमीटर, मॅच गोळीचा २०५. फरक १७ मिलिमीटरचा. एल्कची हृदय-फुप्फुसांची जागा ३० सेंटिमीटरहून मोठी असते. म्हणजे ज्या गुणासाठी मॅच गोळी निवडावीशी वाटते, तो गुण मैदानात जवळजवळ दिसतच नाही. तिचा अवगुण मात्र पहिल्याच हाडावर दिसतो.

मॅच गोळीचं तोंड उघडं असतं ते फुलण्यासाठी नव्हे. तिचं आवरण मागून पुढे ओढत बनवतात, त्यामुळे टोकाला छिद्र उरतं, आणि गोळीचा तळ अगदी एकसारखा होतो. मांसात गेल्यावर ती कधी आतल्या आत चुरा होते, कधी न उघडता बारीक भोक पाडून पार जाते. कधी काय करेल ते सांगता येत नाही, आणि शिकारीच्या गोळीत हाच सर्वात मोठा दोष. दिसायला तिच्यासारख्या, पण शिकारीसाठीच बनवलेल्या पातळ आवरणाच्या गोळ्याही मिळतात. त्या हरणाच्या फासळ्यांवर ठीक, मूसच्या खांद्यावर नाहीत.

आता वेग. .३०-०६ मधून १८० ग्रेनची टोकदार गोळी साधारण २७०० फूट प्रति सेकंद वेगाने निघते. ३०० मीटरवर तिचा वेग सुमारे २१०० उरतो. जनावर झुडपातून ३० मीटरवर उभं राहिलं तर तीच गोळी साडेसव्वीसशेला लागेल. म्हणून २१०० ते २६५० या पट्ट्यात नीट वागणारी गोळी हवी. मऊ शिसं आणि तांब्याचं आवरण असलेल्या साध्या गोळ्या साधारण १८०० च्या वर उघडतात, आणि २८००-२९०० च्या पुढे, विशेषतः हाडावर, त्यांचं आवरण आणि शिसं वेगळं होऊ लागतं. या रायफलीत जड, साधी गोळीसुद्धा बहुतेक वेळा काम करते. बाँडेड (शिसं आवरणाला जोडलेल्या) किंवा पार्टिशन गोळीचे जादा पैसे आपण खरं तर वेगासाठी मोजतो. .३०० विंचेस्टर मॅग्नममधून तीच १८० ग्रेन २९५० ला निघत असेल आणि जनावर ४० मीटरवर असेल, तर साधी गोळी नेऊच नये.

पार्टिशनचा जन्मच या अडचणीतून झाला. १९४६ साली मूसच्या शिकारीत जॉन नॉस्लर यांच्या .३०० एच अँड एच मॅग्नममधल्या गोळ्या आत खोल जाण्याआधीच फुटल्या. त्यावर त्यांनी मधे तांब्याची आडवी भिंत असलेली दोन कप्प्यांची गोळी बनवली आणि १९४८ मध्ये ती विक्रीला आली. पुढचा कप्पा लवकर फुटतो, मागचा तसाच पुढे जातो. मूळ वजनाच्या साधारण दोन तृतीयांश वजन शिल्लक राहतं आणि कमी वेगालाही ती उघडते. म्हणून वेगाचा पट्टा रुंद असेल तेव्हा ती अजूनही उत्तम. बाँडेड गोळीत शिसं आवरणाला जोडलेलं असतं; ती जास्त वजन टिकवते, छत्रीसारखी रुंद होते आणि त्यामुळे काही वेळा थोडी कमी खोल जाते.

अखंड तांब्याच्या गोळीचं गणित वेगळं आहे. ती जवळजवळ सगळं वजन टिकवते, म्हणून शिशाच्या १८० ग्रेनचं काम १५० किंवा १६५ ग्रेनमध्ये होतं. पण उघडायला तिला वेग लागतो. प्रत्येक उत्पादक गोळी उघडण्याचा किमान वेग देतो. तो साधारण १८०० ते २००० च्या दरम्यान असतो, आणि ‘उघडायला सुरुवात’ व ‘पूर्ण उघडणं’ यांत दोनेकशेचा फरक असू शकतो. तुमच्या अंतराच्या शेवटी छापील किमानपेक्षा निदान २०० जास्त वेग उरला पाहिजे, असा नियम ठेवावा. म्हणून तांब्यात एक पायरी हलकी आणि वेगवान गोळी घ्यायची. लोक याच्या नेमकं उलटं करतात: शिशाच्या सवयीने १८० घेतात आणि मग लांबवर न उघडलेल्या गोळीची तक्रार करतात.

दुसरी गोष्ट लांबीची. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. सारख्या वजनाची तांब्याची गोळी म्हणून जास्त लांब होते. ती ब्रासच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) आत जास्त घुसते, दारूची जागा खाते आणि दाब वाढवते. शिशाच्या गोळीचा दारूचा आकडा तांब्याच्या गोळीला कधीही वापरू नये. लांब गोळीला स्थिर राहायला नळीत जास्त पीळही लागतो. दर १० इंचाला एक पीळ असलेल्या .३०-०६ ला १६८ ग्रेनची अडचण नाही. पण त्याच पिळाच्या .२४३ मध्ये जड, लांब तांब्याची गोळी डळमळू शकते. स्थिरतेचा गुणांक १.५ च्या वर असावा, आणि तो थंड हवेसाठी काढावा. थंड हवा दाट असते आणि गोळी तिथे आधी डळमळते. उन्हाळ्यात गोल भोकं पडली म्हणून हिवाळ्यात पडतीलच असं नाही.

सेक्शनल डेन्सिटीबद्दल, म्हणजे गोळीचं वजन आणि तिच्या व्यासाचा वर्ग यांच्या गुणोत्तराबद्दल, फार बोललं जातं. .३०८ इंच व्यासात १५० ग्रेनची ०.२२६, १६५ ची ०.२४८, १८० ची ०.२७१ आणि २०० ची ०.३०१. गोळी फुलली की व्यास दुप्पट होतो आणि हा आकडा बदलतो. म्हणून एकाच बांधणीच्या दोन गोळ्यांची तुलना करायलाच तो वापरावा. बॅलिस्टिक कोइफिशंटचं (गोळी हवा किती सहज कापते त्या आकड्याचं) तर २०० मीटरच्या आत नावही काढायला नको.

आता तिसऱ्या काडतुसाच्या ‘कमाल दारू’बद्दल. .३०-०६ साठी सामी या अमेरिकी उत्पादक संघटनेची दाबाची मर्यादा ६०,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), .३०८ विंचेस्टरची ६२,०००, .३०० विंचेस्टर मॅग्नमची ६४,०००. घरी हा दाब मोजता येत नाही. चपटा झालेला प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) उचलताना जड लागणं, ब्रासच्या बुडावर इजेक्टरची (ब्रास बाहेर फेकणाऱ्या खिळ्याची) चमकदार खूण, सैल झालेला प्रायमरचा खळगा, ही लक्षणं बहुतेक वेळा मर्यादा ओलांडल्यानंतर दिसतात. काही रायफलींत तर दाब बराच वर जाईपर्यंत काहीच दिसत नाही. त्यामानाने क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, प्रामाणिक. मॅन्युअलमध्ये २४ इंची नळीत जो कमाल वेग छापला आहे, तो तुमच्या २२ इंची नळीतून छापील कमाल दारूच्या आधीच मिळू लागला, तर दाबही तिथे पोचला आहे असं समजून थांबावं. एका इंचाला साधारण २० ते ३० फूट प्रति सेकंद कमी मिळायला हवेत. जादाचा वेग फुकट मिळत नाही.

त्यात तापमानाची भर पडते. काही दारूंचा वेग दर अंश सेल्सियसला १ ते २ फूट प्रति सेकंद बदलतो. ५ अंशाला कमाल दारूवर तयार केलेलं काडतूस उन्हात तापलेल्या गाडीतून काढून झाडलं, तर बोल्ट अडकायला तेवढं पुरतं. आणि ५० फूट प्रति सेकंद कमी केल्याने जातं काय? २०० मीटरवर झीरो असेल, म्हणजे नेम त्या अंतराला जुळवलेला असेल, तर ३०० मीटरवर गोळी साधारण एक सेंटिमीटर जास्त खाली लागते. एवढ्यासाठी कमाल दारूला चिकटून राहण्यात अर्थ नाही. तांब्याच्या गोळीची दारू अर्धा ते एक ग्रेन उतरवा आणि ग्रुप पुन्हा पाहा. ग्रुप बिघडला तर दारू चढवू नका, गोळीची खोली बदला. तांब्याच्या गोळ्यांना रायफलिंगपासून (नळीतल्या पिळाच्या खाचांपासून) ०.०५० इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटर, मागे बसवलेलं सहसा आवडतं.

दारूचा प्रकार निवडताना तीन गोष्टी: तापमानाने कमी बदलणारी, ब्रास ९० ते १०० टक्के भरणारी, आणि तुमच्या गोळीसाठी छापील आकडा असलेली. १८० ग्रेनला .३०-०६ मध्ये ‘४३५०’ क्रमांकाच्या दारूइतक्या वेगाने जळणारी दारू जुनी आणि खात्रीची. पण एच-४३५० आणि आयएमआर-४३५० या दोन वेगळ्या दारू आहेत. ४८३१ चंही तसंच. आकडा सारखा म्हणून एकीचं माप दुसरीला लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं. दारूचा नवा लॉट उघडला की पुन्हा खालून सुरुवात करायची. छापील सुरुवातीच्या मापापासून ०.३ ते ०.५ ग्रेनच्या पायऱ्यांनी वर. सुरुवातीच्या मापाच्या खालीही जाऊ नये. सावकाश जळणारी दारू मोठ्या ब्रासमध्ये अर्धवट भरली, तर दाब अनपेक्षित उसळून रायफली फुटल्याची उदाहरणं आहेत. सौम्य काडतूस हवं असेल तर त्यासाठीच छापलेलं वेगळ्या दारूचं माप घ्यावं.

प्रायमरबाबत फार विचार नको. थंडीत, बॉल पावडर (गोल दाण्यांची दारू) असेल किंवा ६५-७० ग्रेनच्या वर दारू असेल तर मॅग्नम प्रायमर, नाहीतर साधा. प्रायमर बदलला की दारू पुन्हा खालून चढवायची. प्रायमरला तेलाचा हात लागू देऊ नये.

ग्रुप आणि वेगाइतकंच महत्त्व काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) अडखळल्याशिवाय जाण्याला आहे, आणि घरी भरलेली काडतुसं जास्त करून इथेच दगा देतात. टार्गेटवाले ब्रासची फक्त मान साइझ करतात, म्हणजे डाय नावाच्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणतात. शिकारीसाठी पूर्ण ब्रास साइझ करावं आणि शोल्डर (मानेखालचा उतार) ०.००२ इंच मागे ढकलावा, बस. कमी ढकलला तर धूळ, थंडी किंवा घाई यांतल्या एकानेही बोल्ट बंद होत नाही. फार ढकलला तर प्रत्येक वेळी ब्रास ताणलं जातं आणि बुडाच्या जरा वर आतून पातळ होतं. बुडाजवळ कमरपट्टा असलेल्या मॅग्नम काडतुसांत हे फार होतं, कारण लोक डाय प्रेसच्या तळापर्यंत फिरवतात आणि ब्रास शोल्डरऐवजी पट्ट्यावर टेकतं. तपासायला सोपं साधन: पेपरक्लिपची तार सरळ करून टोकाला छोटा आकडा करा आणि ब्रासच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडे फिरवा. खाच जाणवली तर ते ब्रास फेकून द्या, त्याच्याबरोबर तितक्याच वेळा झाडलेली बाकीचीही. शिकारीला नवं किंवा एकदाच झाडलेलं ब्रास वापरावं. .३०-०६ चं ब्रास २.४९४ इंचांहून लांब झालं तर मान चेंबरच्या टोकाला चिमटली जाते आणि गोळी सुटायला जागा उरत नाही. दाब तिथेच वाढतो. २.४८४ ला कापावं.

गोळी किती बाहेर ठेवायची हे मॅगझीन (रायफलीतली काडतुसांची पेटी) ठरवतं, रायफलिंग नाही. गोळी रायफलिंगला भिडवून टार्गेटवर ग्रुप आवळतो, पण शिकारीत न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीत अडकून राहते, दारू ॲक्शनमध्ये सांडते, आणि सफाईचा गज सोबत नसेल तर त्या दिवसाची शिकार तिथेच संपते. रायफलिंगपासून निदान ०.०२० इंच मागे ठेवा. सामीची .३०-०६ साठी कमाल एकूण लांबी ३.३४० इंच आहे, तेवढी बहुतेक मॅगझिनांत बसते.

गोळीवर मानेची पकड ०.००२ ते ०.००३ इंचांची असावी. तपासण्याची पद्धत: तीन काडतुसांची लांबी मोजून मॅगझिनमध्ये ठेवा, वरून एकेक काडतूस घालून चार-पाच गोळ्या झाडा, मग ती तीन पुन्हा मोजा. धक्क्याने गोळी आत गेली असेल तर पकड कमी आहे; मान ताणणारा गोळा एक माप लहान घ्या किंवा खाचेवर क्रिंप करा, म्हणजे मानेची कड गोळीवर दाबा. क्रिंप नेहमी गोळीवरच्या खाचेतच करावं, नाहीतर गोळी विद्रूप होते आणि मान फुगून काडतूस चेंबरमध्ये जात नाही. नळीसारख्या मॅगझीनच्या .३०-३० आणि .४५-७० मध्ये टोकदार कडक गोळी चालत नाही. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकलेलं असतं आणि धक्क्याने तो पेटू शकतो. तिथे चपटं तोंड, किंवा खास त्यासाठी बनवलेलं मऊ प्लास्टिकचं टोक.

निघण्याआधीची तपासणी या क्रमाने करावी:

१. नेणार आहात ते प्रत्येक काडतूस, नमुन्याचं नव्हे, सुरक्षित जागी, नळी सुरक्षित दिशेला रोखून आणि बोट ट्रिगरपासून लांब ठेवून, मॅगझिनमधून चेंबरमध्ये घालून बाहेर काढा. फायरिंग पिन काढता येत असेल तर काढून. अडखळलेलं काडतूस सरावाच्या डब्यात.

२. थंड नळीतून दिवसाला एकच गोळी, असं पाच-सहा दिवस एकाच कागदावर. जनावरावर पहिलीच गोळी जाते, त्यामुळे तुमचा खरा ग्रुप हाच. स्वच्छ, तेल लावलेल्या नळीतून पहिली गोळी कुठे जाते तेही एकदा पाहा. फार वेगळी गेली तर नळी साफ करून शिकारीला जायची सवय सोडा.

३. ३०० मीटर म्हणत असाल तर ३०० मीटरवर झाडून पाहा, गणकयंत्रावर विसंबू नका.

४. डब्यावर गोळी, वजन, दारू, लॉट, माप, प्रायमर, ब्रास कितव्यांदा, एकूण लांबी, तारीख आणि रायफल कोणती ते लिहा. एकाच कॅलिबरच्या दोन रायफली असतील तर दोन वेगळे डबे; एकीची कमाल दुसरीत धोकादायक ठरते.

कोणी दुसऱ्याने भरलेली काडतुसं ‘उत्तम आहेत’ म्हणून दिली तर ती झाडू नका. आपली कुणाला देऊही नका.

म्हैस, हत्ती अशा अंगावर येऊ शकणाऱ्या जनावरांचं तर्कशास्त्र थोडं वेगळं. आफ्रिकेतल्या अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी .३७५ कॅलिबर ही किमान मर्यादा आहे. १९१२ च्या .३७५ एच अँड एचमध्ये ३०० ग्रेनची बाँडेड किंवा पार्टिशन प्रकारची गोळी, सेक्शनल डेन्सिटी ०.३०५, वेग सुमारे २५००. आफ्रिकी म्हशीला पहिली अशी गोळी, मागे न फुलणारी सॉलिड. चपट्या तोंडाची सॉलिड गोल तोंडाच्या सॉलिडपेक्षा सरळ जाते. इथे दाब मुद्दाम कमाल मर्यादेच्या बराच खाली ठेवायचा, कारण अडकलेलं ब्रास धावून येणाऱ्या म्हशीसमोर काढता येत नाही. क्रिंप सक्तीचं. सॉलिड आणि फुलणारी गोळी २०० मीटरपर्यंत जवळपास एकाच ठिकाणी लागतात का, तेही पाहून घ्या. दोन नळ्यांच्या रायफलींना कारखान्यात एका ठरावीक वेगावर एकत्र केलेलं असतं. त्या वेगाच्या वर किंवा खाली गेलात तर दोन्ही नळ्या वेगवेगळ्या ठिकाणी मारतात.

कायदा आधी बघा, गोळी नंतर. शिकार फक्त परवाना मिळतो तिथे आणि त्या परवान्याच्या अटींवर. स्वीडनमध्ये मूससाठी गोळी निदान ९ ग्रॅमची आणि १०० मीटरवर २७०० जूल, किंवा १० ग्रॅमची आणि २००० जूल लागते. जर्मनीत लाल हरणासाठी किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २००० जूल. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसं चालत नाही, डेन्मार्कमध्ये रायफलींसाठी १ एप्रिल २०२४ पासून. पार्टिशनमध्ये शिसं असतं, म्हणून अशा ठिकाणी तुमचं ते काडतूस बाद, तांब्याचंच न्यावं लागेल. म्हणून तेही नीट तयार ठेवा. स्वतःची काडतुसं हिशेबात धरताना छापील नव्हे, क्रोनोग्राफवरचा वेग धरा.

विमानाने जात असाल तर सामान्यतः माणशी ५ किलोपर्यंतच काडतुसं नेता येतात. .३०-०६ चं १८० ग्रेनचं भरलेलं काडतूस साधारण २७-२८ ग्रॅमचं, म्हणजे ६० काडतुसं पावणेदोन किलोच्या आसपास. काही विमान कंपन्या मूळ कारखान्याचं खोकं मागतात आणि घरी भरलेली काडतुसं घेत नाहीत. तिकीट काढण्याआधी लेखी विचारा. नकार आला तर तीच गोळी घातलेलं कारखान्याचं काडतूस विकत घेऊन, तुमच्याच रायफलीत झीरो करून न्या.